भर मे महिन्यातली दिल्ली: गावाकडच्या पोरापोरींसाठी

पऱ्हाटी
दरवर्षी पेपर संपले की कॉलेजच्या ग्रुपवर फिरायला जायच्या गोष्टी निघतात आणि "उन्हाळ्यात दिल्लीला कोण जाते" इथं येऊन थांबतात. यंदा आम्ही गेलो. बीए दुसऱ्या वर्षाच्या चौघी मैत्रिणी आणि एकीचा धाकटा भाऊ. त्याला आमच्यावर लक्ष ठेवायला पाठवलं होतं, प्रत्यक्षात मेट्रोच्या गर्दीत त्याचाच हात धरून ठेवावा लागला. गाव हिंगणघाटकडचं. बरेच जण विचारून राहिले म्हणून इथं सविस्तर लिहिते.

मे महिना आम्ही हौसेनं निवडला नाही. दिवाळीत कापूस वेचायचा असतो, हिवाळ्यात सेमिस्टरची परीक्षा. पेपर आटोपले की रोहिण्या लागेपर्यंत जे दिवस मिळतात तेवढेच आपले. मृगाला घरी नसलं तर आई वर्षभर ऐकवते. त्यामुळं "थंडीत जा ना" हा सल्ला आम्हाला लागू होत नाही.

सेवाग्रामवरून जीटी एक्स्प्रेस पकडली. रिझर्व्हेशन ६० दिवस आधी उघडते, त्याच सकाळी तिकिटं काढली म्हणून स्लीपर मिळालं. सोबत दशम्या, ठेचा, कांदे, मुर्र्याचा चिवडा. बैतूलच्या पुढं घाट लागतो तिथं अख्खा डबा खिडकीशी येतो. दुसऱ्या दिवशी पहाटे दिल्ली.

राहायची सोय मुखर्जीनगरला, मैत्रिणीची मावसबहीण यूपीएससीची तयारी करते तिच्या खोलीवर. खाली गाद्या, वर पंखा, खिडकीत कूलर. दिवस असा बसवला: उजाडताच बाहेर, अकरा वाजले की छताखाली, पाच वाजल्यावर पुन्हा बाहेर. सकाळच्या वाट्याला कुतुबमिनार, हुमायूनचा मकबरा, लोदी गार्डन. दुपारच्या वाट्याला संग्रहालयं. संध्याकाळी इंडिया गेट, बंगला साहिब, चांदणी चौक. जनपथवरचं राष्ट्रीय संग्रहालय तर भर दुपारी जाण्यासाठीच बांधलं असावं, इतकं गार. मोहेंजोदडोची ती कांस्याची नर्तकी पुस्तकात अर्धं पान भरून असते, प्रत्यक्षात वीतभरही नाही. मैत्रीण म्हणाली, "एवढीशी?" आणि मग आम्ही तिथून हललोच नाही.

विचारा, जे माहीत आहे ते सांगीन.

मुळामुठा
लिहिलंय छान, पण नव्या मुलांना चुकीचा संदेश जाऊ नये म्हणून सांगतो. मे महिन्यात दिल्ली म्हणजे हाल. आम्ही एकदा कुटुंबासह गेलो होतो, मुलं आजारी पडली, निम्मी ठिकाणं बाहेरूनच पाहिली. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच काळ. फेब्रुवारी-मार्चमध्ये राष्ट्रपती भवनाचं अमृत उद्यानही उघडं असतं.

तर्री_जास्त
मुळामुठा साहेब, आमच्या इकडं ४५ झालं तरी बुढे लोकं पारावर बसून तंबाखू मयतात. उन्हाचं आमाले नका सांगू.
आता एक गंमत. मे २०२४ मंदी दिल्लीच्या मुंगेशपूरनं ५२.९ दाखवलं. टीव्हीवाले नाचले, देशाचा रेकॉर्ड म्हने. मंग हवामान खात्यानं सांगतलं का तिथला सेन्सर ३ अंश जास्त दाखवत होता. अन् त्याच आठवड्यात नागपूरच्या एका यंत्रानं ५६ दाखवलं! ते बी बिघडेलच होतं. म्हंजे खोटं बोल्याले बी आपन दिल्लीच्या पुढं.

करोलबागेतला_वऱ्हाडी
मी मूळचा दारव्ह्याकडचा, नोकरीमुळं बरीच वर्षं इथं. तर्रीभाऊंचा जोर मान्य, पण मुळामुठा यांचं म्हणणं उडवून लावू नका. ऊन दोन्हीकडं सारखंच. फरक असा की गावात दुपारी बारा ते चार आपण घरात असतो, आणि दिल्लीला आलेला पाहुणा त्याच वेळेला लाल किल्ल्याच्या दगडावरून चालत असतो. आजारी पडतो तो त्यामुळं. पऱ्हाटीताईंनी दुपार बाजूला काढली, तेच बरोबर.
बाकी अनुभवाचे बोल: दुपट्टा गावाकडं बांधता तसाच डोक्याला-तोंडाला बांधा, इथं कोणी हसत नाही. गाड्यावरची कापलेली फळं आणि बर्फाची शिकंजी टाळा. संध्याकाळी अचानक धुळीची आंधी येते, तेव्हा झाडाखाली थांबू नका. जूनच्या शेवटी यायचं तर विचार करा, तेव्हा तापमान थोडं उतरतं पण चिकचिक अशी होते की मे परवडला.
आणि सोमवार! लाल किल्ला, राष्ट्रीय संग्रहालय, रेल्वे संग्रहालय, लोटस टेंपल, अक्षरधाम, सगळं सोमवारी बंद. दरवर्षी गावाकडचा कोणी ना कोणी सोमवारी लाल किल्ल्याच्या बंद दारासमोरून मला फोन करतो. सोमवार कुतुब, हुमायूनचा मकबरा किंवा जंतरमंतरला द्या.

पऱ्हाटी
काका, सोमवारचं मावसबहिणीनं आधीच सांगितलं होतं म्हणून वाचलो. त्या दिवशी कुतुब केला. तिकीट रोख ४० रुपये, ऑनलाइन काढलं तर ३५.
मुळामुठा काका, तुमची मुलं लहान असतील. आम्ही वावरात निंदायला जाणाऱ्या पोरी आहोत, तरी ओआरएसची पाकिटं पिशवीत होतीच. आणि नोव्हेंबरात दिल्लीची हवा काय असते ते बातम्यांत आम्हीही पाहतो.

मुळामुठा
हवेचा मुद्दा मान्य. फेब्रुवारी म्हणा मग. :)

बोरगावची
पऱ्हाटी ताई, घरच्यांनी सोडलं कसं ते आधी सांग. माझे बाबा वर्ध्याला एकटीनं जाऊ देत नाहीत. आणि मेट्रोत चुकलो तर?

करोलबागेतला_वऱ्हाडी
मेट्रोचं मी सांगतो. नकाशा पाहून घाबरायला होतं, पण पहिल्यांदा येणाऱ्यानं एकच लाईन डोक्यात ठेवावी, पिवळी. मुखर्जीनगरला जवळचं स्टेशन जीटीबी नगर, तेही पिवळ्यावर. तिथून दक्षिणेकडं निघालं की विश्वविद्यालय, सिव्हिल लाईन्स, काश्मीरी गेट, चांदणी चौक, चावडी बाजार, नवी दिल्ली रेल्वे स्टेशन, राजीव चौक म्हणजे कनॉट प्लेस, केंद्रीय सचिवालय, लोककल्याण मार्ग, जोरबाग म्हणजे लोदी गार्डन आणि सफदरजंग, पुढं कुतुबमिनार. निम्मी दिल्ली एका गाडीत. कुतुबमिनार स्टेशनवरून मिनार मात्र चालण्याइतका जवळ नाही, तिथं शेअर रिक्षा करा. पहिला डबा बायकांचा. स्मार्ट कार्ड घेतलं तर भाड्यात १० टक्के सूट, दिवसभर भटकायचं असेल तर टुरिस्ट कार्ड मिळतं.
ज्यांचं कोणी ओळखीचं नाही त्यांनी पहाडगंजच्या बृहन्महाराष्ट्र भवनात आधी चौकशी करावी. स्टेशनपासून जवळ, मराठी लोक. बाबांना हे नाव सांगितलं की निम्मी काळजी मिटते असा अनुभव आहे.

निळी_पाखरं
२६ अलीपूर रोडला गेलात की नाही? बाबासाहेबांचं महापरिनिर्वाण ६ डिसेंबर १९५६ ला तिथं झालं. आपण नागपूरला दीक्षाभूमीवर जातो, मुंबईला चैत्यभूमीवर जातो, आणि मधला हा पत्ता बऱ्याच जणांना माहीत नसतो. १४ ऑक्टोबरला नागपुरात दीक्षा, आणि दोन महिनेही झाले नव्हते. मी वाशीम जिल्ह्यातला. आमच्या गावातून दीक्षेला पायी गेलेली माणसं होती. त्यांच्या तोंडून ऐकलेलं असल्यामुळं तिथं उभं राहिल्यावर हिशेब आपोआप मनात झाला.

पऱ्हाटी
गेलो होतो. मूळ बंगला आता नाही, त्या जागी उघड्या पुस्तकाच्या आकाराची इमारत आहे, २०१८ मध्ये उघडली. आत बहुतेक पडदे, आवाज, चित्रफिती. खरं सांगायचं तर मला वस्तू पाहायला जास्त आवडल्या असत्या. नागपूरजवळ चिचोलीच्या शांतिवनात त्यांचा टाइपरायटर, कपडे, रोजच्या वापरातल्या वस्तू ठेवल्या आहेत, ते शाळेच्या सहलीत पाहिलं होतं. ते साधं दालन माझ्या जास्त लक्षात आहे. पण अलीपूर रोडला गर्दी नव्हती, कोणी पुढं ढकललं नाही, संविधान सभेचा भाग आम्ही पूर्ण वाचला. सोमवारी हेही बंद.
तसंच गांधी स्मृती. लोककल्याण मार्ग स्टेशनवरून रिक्षा केली. सेवाग्राम आम्हाला शेजारचं, बापूकुटी कितीदा पाहिली त्याचा हिशेब नाही. १९३६ पासून ते तिथं होते आणि ऑगस्ट १९४६ मध्ये जे दिल्लीकडं गेले ते परतलेच नाहीत. हे आश्रमातले ताई-दादा दर वेळी सांगतात आणि आपण दर वेळी मान हलवतो. इथं बिर्ला हाऊसमध्ये शेवटचे १४४ दिवस काढले, ती खोली आहे, आणि खोलीपासून प्रार्थनेच्या जागेपर्यंत सिमेंटमध्ये पावलं उमटवली आहेत, ३० जानेवारी १९४८ ची. सोबतचा भाऊ सकाळपासून मोमो-मोमो करत होता, तो त्या पावलांच्या कडेकडेनं चालत गेला. नाकारलेलं पुढारीपण त्याला तेवढ्यापुरतं मिळालं, पुढं तोच, मागं आम्ही.

जुना_मास्तर
पोरींनो, कुतुबच्या आवारात लोखंडी खांब पाहिलात का? सगळे त्याला गंज चढत नाही म्हणून पाहतात. सात मीटरहून उंच, वजन सहा टनांच्या घरात, लोखंडात फॉस्फरस जास्त असल्यानं वर एक संरक्षक थर तयार झाला, वगैरे. ते ठीक. पण त्यावरच्या लेखात "चंद्र" नावाचा राजा आहे. बहुतेक अभ्यासक त्याला गुप्त घराण्यातला दुसरा चंद्रगुप्त मानतात. त्याची लेक प्रभावतीगुप्ता आपल्या विदर्भात दिली होती, वाकाटक राजा दुसरा रुद्रसेन याला. नवरा लवकर गेला, मुलं लहान, आणि या बाईनं स्वतः राज्य चालवलं. राजधानी नंदिवर्धन, म्हणजे रामटेकजवळचं नगरधन. तिथल्या उत्खननात तिची मुद्राही सापडली आहे. तिचा एक ताम्रपट आमच्या अमरावती जिल्ह्यात रिद्धपूरला मिळाला.
म्हणजे तुम्ही दिल्लीत जाऊन आपल्या व्याह्याचा खांब पाहून आलात. पुढच्या वेळी नगरधनही करा, नागपूरवरून बस आहे.

पऱ्हाटी
सर, हे आधी माहीत असतं तर तिथं अर्धा तास जास्त थांबलो असतो. गाईड फक्त गंजाचंच सांगत होता.

तर्री_जास्त
मास्तर, त्या तुघलकानं १३२७ मंदी राजधानी आपल्या देवगिरीले आणली होती ना? राहू द्याची होती तितंच. आज आपल्याले एसटीनं राजधानी पाह्यता आली असती.

जुना_मास्तर
एसटीनं पाहायचीच असेल तर नागपूर १८६१ पासून १९५६ पर्यंत मध्य प्रांताची राजधानी होतंच. तुम्ही बर्डीवर तर्री-पोहे खाऊन परत येता, वर मान करून पाहता कुठं?

सागवान
राजधानीची गोष्ट निघाली म्हणून. नव्या संसदेचं उद्घाटन २८ मे २०२३ ला झालं, तिथलं सागवान नागपूरहून गेलं असं सगळीकडं छापून आलं. आम्ही चंद्रपूरवाले हसलो. सागवान काही सीताबर्डीत उगवत नाही! अयोध्येच्या मंदिरासाठी मार्च २०२३ मध्ये बल्लारशाहून सागवान निघालं तेव्हा निदान नाव तरी आमचं लागलं, मिरवणूकही झाली.
संसद आतून पाहता आली का?

करोलबागेतला_वऱ्हाडी
मे महिन्यात अधिवेशन नसतं. कामकाज पाहायचं असेल तर पावसाळी अधिवेशनात, आणि आपल्या खासदाराच्या कार्यालयातून आधी पास काढून. राष्ट्रपती भवनासाठी ऑनलाइन नोंदणी करावी लागते, ती सोपी आहे. ३४० खोल्यांपैकी मोजक्याच दाखवतात, पण दरबार हॉल (२०२४ पासून त्याचं नाव गणतंत्र मंडप) पाहण्यासारखा.

ओलिताचं_वावर
या धाग्यावर भाऊसाहेबांचं नाव अजून कोणी घेतलं नाही याचं नवल वाटते. पापळचे डॉ. पंजाबराव देशमुख, १९५२ पासून १९६२ पर्यंत देशाचे कृषिमंत्री. १९५९-६० मध्ये त्यांनी दिल्लीत जागतिक कृषी प्रदर्शन भरवलं, अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर आले होते. आमचे आजोबा गावातल्या चार शेतकऱ्यांसोबत ते पाहायला गेले. धोतर, टोपी, बोचकं, आणि हिंदी येत नाही. परत आल्यावर ते परदेशी ट्रॅक्टरांबद्दल कमी आणि रशियाच्या दालनातल्या एका माणसानं त्यांच्या हाताचे घट्टे पाहून हात मिळवला त्याबद्दल जास्त सांगायचे. भारत कृषक समाजाचं कार्यालय अजून निजामुद्दीनला आहे. पोरांनी तिकडूनही एक चक्कर मारावी, हुमायूनच्या मकबऱ्यापासून फार लांब नाही.

बोरगावची
सगळं छान आहे पण माझा प्रश्न राहूनच गेला. घरच्यांनी सोडलं कसं? आणि मुखर्जीनगर कसं आहे? मलाही पुढं स्पर्धा परीक्षा करायची आहे.

पऱ्हाटी
सॉरी गं. घरच्यांचं असं की आम्ही चौघींच्या आयांना एकत्र बसवलं. एकेकीला वेगळं विचारलं असतं तर "बाकीच्या जातील तर जा" असंच प्रत्येकीनं म्हटलं असतं आणि कोणीच गेलं नसतं. मावसबहिणीचा पत्ता, घरमालकिणीचा नंबर, परतीचं तिकीट, तिन्ही कागदावर लिहून दिलं. रोज रात्री एकीनं व्हिडिओ कॉल करायचा आणि तिनं चारही घरी कळवायचं. भावाला सोबत घेणं ही माझ्या बाबांची अट. मला ती पटली नव्हती, अजूनही पटत नाही, पण त्या अटीवर भांडण काढलं असतं तर गाडी चुकली असती.

आता मुखर्जीनगर. मला वाटतं दिल्लीत मी सगळ्यात जास्त तेच पाहिलं. लाल किल्ल्यापेक्षा जास्त. आम्ही गेलो तेव्हा पूर्वपरीक्षा तोंडावर होती. गल्लीत वर पाहिलं की वायरींचं जाळं आणि निकालात आलेल्यांचे फोटो लावलेले फलक, खाली पाहिलं की झेरॉक्स, चहा, मोमो, जुनी पुस्तकं, खोली भाड्यानं देणारे दलाल. प्लायवूडनं दोन केलेल्या खोल्या, मधली भिंत इतकी पातळ की शेजारचा पाठ करतो ते आपल्यालाही पाठ होईल. लायब्ररी म्हणजे पुस्तकं नाहीत, नुसत्या खुर्च्या, महिन्याच्या भाड्यानं. रात्री दोन वाजता पाणी प्यायला उठले तर समोरच्या इमारतीत बहुतेक खिडक्यांत दिवे होते. एका मेसमध्ये आमच्या मागं दोघं जण वऱ्हाडीत बोलत होते, एक अकोटचा, एक आर्णीकडचा. एकाचा चौथा प्रयत्न. घरी एक एकर विकलं आहे, असं त्यानं वरण वाढून घेता घेता सांगितलं, जणू बसचं तिकीट किती लागलं ते सांगावं तसं.

मावसबहीण हुशार आहे, शिस्तीची आहे, तिचं होईल असं मला वाटतं. पण ती म्हणाली, पहिलं वर्ष इथं फक्त इंग्रजीला आणि एकटेपणाला सरावण्यात गेलं, ते गावात राहून फुकट करता आलं असतं. मी ठरवलं आहे की बीए पूर्ण करीन, तोवर तालुक्याच्या अभ्यासिकेत एनसीईआरटी संपवीन, आणि पूर्वपरीक्षा एकदा तिथूनच देऊन पाहीन. कोचिंगच्या जाहिराती बघून जाणाऱ्यांनी आधी एक आठवडा तिथं पाहुणा म्हणून राहून यावं.

जुना_मास्तर
शाबास. एक एकराचं वाचून जेवण गोड लागलं नाही.

करोलबागेतला_वऱ्हाडी
पऱ्हाटीताई अगदी बरोबर. जमीन विकण्याआधी हे पाहा: बार्टी, सारथी आणि महाज्योती या राज्य सरकारच्या संस्था चाळणी परीक्षा घेऊन दिल्लीतल्या कोचिंगची फी आणि विद्यावेतन देतात. महाज्योतीचं कार्यालय तर नागपूरलाच आहे. जाहिराती वेळच्या वेळी पाहाव्या लागतात, मुदत गेली की वर्ष गेलं. माझ्या ओळखीत अशी पोरं आहेत की ज्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं आणि ती सावकाराकडं जाऊन आली.

निळी_पाखरं
+१. हे वेगळा धागा काढून वर चिकटवून ठेवा.

तर्री_जास्त
लय गंभीर झालं राज्या. खाल्लं काय ते सांगा. अन् सरोजिनीले गेल्ते का नाई?

पऱ्हाटी
सरोजिनीनगरला न जाता परत आलो असतो तर मैत्रिणींनी मला बैतूलच्या घाटात उतरवलं असतं. भाव करायला हिंगणघाटचा बाजार पुरेसा शिकवतो, तिथल्या दुकानदारानं शेवटी हात जोडले. रविवारी पुस्तकांचा बाजारही केला. पूर्वी तो दरियागंजच्या फुटपाथवर भरायचा, २०१९ पासून आसफ अली रोडच्या महिला हाटमध्ये भरतो. किलोवर पुस्तकं! माझी बॅग परतताना जड झाली ती त्यानंच.
खाण्यात छोले-भटुरे एकदा ठीक, रोज नाही, सगळंच तेलात. तिखट म्हणून जे देतात त्याला आमच्या घरी गोड म्हणतील. सगळ्यात मन भरलं ते बंगला साहिबच्या लंगरमध्ये. डाळ, रोटी, खीर. नंतर आम्ही पोळ्या लाटायला बसलो. तिथल्या एका आजींनी माझी पोळी पाहून विचारलं, कुठली तू? वर्धा सांगितलं तर म्हणाल्या, "गांधीजीवाला?" आणि मला आणखी गोळे दिले लाटायला.

मुळामुठा
हे मात्र आमच्या यादीतून सुटलं होतं. पुढच्या वेळी नक्की. फेब्रुवारीत.

बोरगावची
ताई, बाबांना अख्खा धागा वाचून दाखवला. एसटी-मेट्रोचं काहीच विचारलं नाही त्यांनी. विचारून राहिले की परतीची गाडी सेवाग्रामला दिवसा पोचते का रात्री, आणि पुढं गावाला बस आहे का.

पऱ्हाटी
दिल्लीहून जीटी पकडली तर दुसऱ्या दिवशी सकाळी नागपूर, त्यानंतर सेवाग्राम. दिवसाढवळ्याच. नेमकी वेळ तिकिटावर पाहून घे, उन्हाळ्यात गाडी लेट होतेच. स्टेशनबाहेर वर्ध्याला जायला ऑटो मिळतात, वर्धा बसस्थानकावरून तुमच्याकडच्या गाड्या आहेतच. बाबांना म्हणावं, घ्यायला यायचं असेल तर या, पण दुपट्टा बांधून या.